मोजणाऱ्या देवस्थळी मॅडम

देवस्थळी मॅडमनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "तुम्ही स्वतः घेता का?"

मी तेव्हा एका औषध कंपनीचा एमआर होतो. कल्याण, डोंबिवली, ठाणे हा माझा पट्टा, आणि बॅगेत पुरुषांसाठीची एक सोनेरी कॅप्सूल. झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई आणि आणखी दहा-बारा भारदस्त नावं. खोक्यावर उगवत्या सूर्याकडे बघत उभा असलेला एक पुरुष, त्याच्या खांद्यावर बाळ. मूल होत नसेल तर नवऱ्याने ही रोज दोन, तीन महिने घ्यायची, की शुक्राणू वाढतात, असं आम्ही सांगत फिरायचो. कॅप्सूलचं नाव सांगत नाही. कंपनी अजून आहे. माझा पीएफ निघालाय, पण तरी उगाच कशाला.

मॅडम डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. रक्त, लघवी वगैरे तिथे सगळेच तपासायचे, वीर्यतपासणी मात्र फक्त मॅडम करायच्या. मी गेलेलो लॅबच्या डॉक्टरांना भेटायला. ते नव्हते, म्हणून मॅडमनाच सगळी पोपटपंची ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि हा प्रश्न टाकला.

"नाही मॅडम, माझं अजून लग्न नाही झालेलं."

"लग्नाचं कोणी विचारलं? कॅप्सूलचं विचारलं मी."

"मला गरज नाही ना पण."

"कशावरून?"

त्यांनी मागच्या कपाटातून एक लहानशी प्लास्टिकची डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "आतली खोली रिकामी आहे. जा. दुसऱ्यांचं वाढवायला निघालात, आपलं किती आहे ते तरी बघा."

मी बॅग उचलली आणि जिना उतरलो. मागून हसण्याचा आवाज आला. बुटकी, गोल चेहऱ्याची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, कॉटनच्या साडीवर पांढरा कोट चढवलेली बाई. दिसायला एखाद्या बालवाडीच्या बाई शोभतील अशी. आणि हसणं मात्र कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांसारखं, खोऽऽ करून.

नंतर सात वर्षं मी त्या लॅबच्या पायऱ्या चढत राहिलो. आधी धंद्यासाठी, मग मॅडमसाठी.

त्यांच्याकडे येणारे पुरुष दहावीच्या निकालाला आल्यासारखे यायचे. नजर जमिनीवर, रुमाल हातात. मॅडम डबी पुढे करायच्या आणि सांगायच्या, "घाबरू नका. इथे नापास कुणी होत नाही. फार तर पुन्हा बसायचं." तीन-चार दिवसांचा संयम पाळून या, असं त्या आधीच बजावायच्या, पण काही महाभाग पंधरा-पंधरा दिवस थांबून यायचे. त्यांना म्हणायच्या, "साठवून आणलं म्हणून जास्त मार्क मिळत नाहीत हो. उलट शिळं होतं."

नवरा-बायको दोघं आले तर फाइल नेहमी बायकोच्या हातात असायची. चांगली जाडजूड. तिची सोनोग्राफी, तिचे हार्मोन्स, तिची दुर्बिणीतून तपासणी, चार डॉक्टरांचे कागद. मॅडम ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटायच्या आणि नवऱ्याकडे बघून विचारायच्या, "यात तुमचं पान कुठंय?"

मोजताना मात्र त्या वेगळ्याच व्हायच्या. डोळा मायक्रोस्कोपला, डाव्या हातात बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो ते छोटं यंत्र. टक, टक, टक. मध्ये कुणी बोलायला आलं की उजवा पंजा वर. कोणीही असो, अगदी मालक डॉक्टरसुद्धा, पंजा खाली येईपर्यंत गप्प उभं राहायचं. कुणी बोललंच, तर मॅडम पहिल्यापासून मोजायच्या.

शुक्राणूंना त्या "पोरं" म्हणायच्या. एकदा मला बोलावून एक सँपल दाखवलं. मला वाटलं, छानच आहे, नुसती गजबज दिसत होती. "नीट बघा," मॅडम म्हणाल्या. "दिवाळी पहाटेचा फडके रोड आहे हा. गर्दी भरपूर, नटूनथटून सगळे, पण पुढे कुणीच सरकत नाही." नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, चालही बघावी लागते, हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये चार दिवसांत कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात कळलं.

त्या किस्से सांगायच्या, पण नावं कधीही नाही. त्यामुळे ज्यांच्याबद्दल मला सगळं माहीत आहे अशी डोंबिवलीत निदान पन्नास माणसं असतील, आणि त्यातलं एकही रस्त्यात भेटलं तर मी ओळखणार नाही.

असाच एक इंजिनिअर. शीळफाट्याच्या पुढे नव्या टॉवरमध्ये राहायचा. लॅबच्या खोलीत त्याला काही जमेना. खाली साड्यांचं दुकान होतं आणि तिथे सेल लागला की माणूस माइकवरून ओरडायचा, "आत या, आत या, लाजू नका!" त्यात कुणाला जमणार? मग मॅडमनी त्याला घरून आणायला सांगितलं. अट एकच, तासाभरात पोचलं पाहिजे आणि अंगाच्या उबेत राहिलं पाहिजे. पहिल्यांदा त्याने डबी स्कूटरच्या डिकीत ठेवली. मे महिना, शीळफाट्याला ट्रकांची रांग, पोचायला दोन तास. मॅडमनी काचेवर थेंब घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही शिजवून आणलंत."

दुसऱ्या खेपेला त्याने डबी शर्टाच्या आत, काखेत दाबली आणि एका हाताने स्कूटर चालवत निघाला. फाट्यावर पुन्हा जाम. हवालदाराने बघितलं, हा माणूस एक हात आत घालून काहीतरी लपवतोय. घेतला बाजूला.

"काय आहे आत? काढ."

इंजिनिअरने डबी काढली आणि मान खाली घालून, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात काय आहे ते सांगितलं. हवालदाराने डबीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"किती टाइम उरलाय?"

"पंचवीस मिनिटं, साहेब."

हवालदाराने शिट्टी तोंडात घातली, दोन्ही बाजूंचे ट्रक थांबवले आणि स्कूटरला वाट करून दिली. इंजिनिअर आठ मिनिटं राखून लॅबमध्ये पोचला.

पुढच्या मंगळवारी साध्या कपड्यातला, पण पायात तपकिरी बूट असलेला एक धिप्पाड गृहस्थ मॅडमसमोर येऊन उभा राहिला. बराच वेळ घसा खाकरून म्हणाला, "ते शीळफाट्यावरून डबी घेऊन आलेले ना, त्यांच्या ओळखीने आलोय."

मॅडम म्हणाल्या, "इथे ओळख लागत नाही. डबी लागते. ही घ्या."

मॅडमना मूलबाळ नव्हतं. ते मला कळलं त्यांच्या घरी सत्यनारायणाला गेलेलो तेव्हा. त्यांचे यजमान, देवस्थळी सर, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी प्रसाद घेता घेता मॅडमना विचारलं, "मुलं कुठे असतात तुमची? बाहेर का?" मॅडम काही बोलणार, तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, शिऱ्याचं पातेलं हातात घेतलेले सर मोठ्याने म्हणाले, "शून्याचा शोध भारतात लागला म्हणतात. आमच्या घरात तो हिने लावला!"

त्या बाईंना काही कळेना. सर जवळ आले, त्यांच्या द्रोणात आणखी शिरा वाढला आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "मुलं नाहीत आम्हाला. माझ्यात दोष आहे. शुक्राणू शून्य. हिचं सगळं उत्तम."

बाईंचा घास तोंडातच राहिला. मॅडम खोऽऽ करून हसल्या.

मग पंगत उठल्यावर सरांनी मला ते सगळं सांगितलं. लग्नानंतरची सहा वर्षं त्यांची आई सुनेला घेऊन डॉक्टर, वैद्य, नवस करत फिरत होती. मॅडम तेव्हा ठाण्याच्या एका लॅबमध्ये नुकत्याच लागलेल्या. एक दिवस त्यांनी सरांच्या हातात डबी दिली. संध्याकाळी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला.

"मी वाचला," सर म्हणाले, "आणि म्हटलं, उत्तर आलं ते ठीक आहे, पण पायऱ्या दाखव. तर ही रडायला लागली. मग मी तसाच उठलो, कल्याणला आईकडे गेलो आणि सांगून आलो. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि हिच्यासाठी भरली वांगी करून गेली. बोलली काही नाही. पण पुन्हा हिला कुठे नेलं नाही."

मॅडम पलीकडे भांडी आवरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तीनदा मोजलं होतं मी ते. वाटलं, नवी आहे, माझंच चुकत असेल." एवढंच. मग त्यांनी मला दोन डबे शिरा बांधून दिला.

यथावकाश माझं लग्न झालं. प्राची, म्हणजे माझी बायको, ठाण्याला बँकेत. तीन वर्षं झाली तरी काही नाही. प्राचीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, फाइल जाड होत गेली. आणि मी, सात तालुक्यांना पुरुषांची तपासणी आधी करा म्हणून सांगणारा माणूस, डॉक्टरांना फुकट वाटायच्या सोनेरी कॅप्सूल गुपचूप खात होतो. दोन सांगितलेल्या, मी चार घ्यायचो. प्राचीने विचारलं की म्हणायचो, बी-कॉम्प्लेक्स आहे.

शेवटी ती एकदा म्हणाली, "तू टेस्ट करून येतोस, की मी तुझ्या आईला सांगू, तू करत नाहीयेस म्हणून?"

मी बुधवार निवडला. बुधवारी मॅडमची सुट्टी. टोपी घातली, तोंडाला मास्क लावला आणि वर गेलो. काउंटरला मॅडम. सुट्टी बदलून घेतलेली.

"नाव?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"र... रमेश जोशी."

"वय?"

"तेहतीस."

"काय करता, जोशी?"

"शिक्षक आहे."

"अरे वा. विषय कोणता?"

"इतिहास."

"छान. काही औषधं, गोळ्या चालू आहेत?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "एक सोनेरी कॅप्सूल आहे. रोज चार."

पेन थांबलं. "चार? कुणी सांगितलं?"

"एक मित्र आहे. एमआर आहे तो."

"मूर्ख आहे तो," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"डबी घ्या. दार आतून नीट लावा, कडी सैल आहे."

दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन, टाय लावून, सावंत म्हणून गेलो. मॅडमनी मला समोर बसवलं, चहा मागवला.

"सावंत, तुमचा एक मित्र आहे ना, जोशी? इतिहासवाला?"

"आहे मॅडम."

"त्याला निरोप द्या. संख्या कमी आहे, चालही मंद आहे. पण एका आकड्यावर काही ठरवायचं नसतं. आजचा वेगळा, पंधरा दिवसांनी वेगळा. तेव्हा पुन्हा यायचं. ती कॅप्सूल बंद, चार तर नाहीच नाही. आणि दुसऱ्यांदाही असंच आलं, तर ठाण्याला मूत्रविकाराच्या सर्जनना दाखवायचं. कुणाकुणाच्या तिथल्या शिरा फुगलेल्या असतात. असतील तर त्या काही गोळ्यांनी उतरत नाहीत."

मी मान डोलावली.

"आणि सावंत," त्या चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "जोशींना सांगा, यात तोंड झाकून येण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या म्हणावं. मी बोलेन तिच्याशी."

"सांगतो त्याला."

दुसऱ्यांदाही तसंच आलं. सर्जननी शिराच सांगितल्या. लहानसं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने आम्हाला मुलगी झाली. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "मॅडम, नक्की कशाने झालं असेल? ऑपरेशनने, की आधी घेतलेल्या कॅप्सूलनी?"

"मुलगी झालीय ना? मग आता चौकशी समिती कशाला नेमताय?" पेढा तोंडात टाकत त्या म्हणाल्या. "जोशींचंही अभिनंदन सांगा."

हे सगळं होऊन पाच महिने झाले आणि आमच्या एरिया मॅनेजरच्या डोक्यातून शिबिर निघालं. कल्याणला, याच लॅबच्या शाखेत, रविवारी सकाळी पुरुषांची मोफत तपासणी. खर्च आमच्या कंपनीचा, मोजायला देवस्थळी मॅडम, आणि बाहेर पडताना दारातच कॅप्सूलचा स्टॉल. गंमत अशी होती, की मॅनेजरने एक आकडा ठरवून दिलेला. त्याच्याखाली जो येईल त्याच्या रिपोर्टवर शिक्का: 'सप्लिमेंटची गरज.' आणि तो आकडा इतका वर नेऊन ठेवलेला, की चांगले धडधाकट लोकही त्याच्याखाली यावेत.

हे मॅडमना सांगायचं काम माझ्यावर आलं. ज्या बाईने मला कॅप्सूल बंद करायला लावून सर्जनकडे पाठवलं, तिला हे सांगताना माझी जीभ जड झाली. पण सांगितलं. हप्ते होते, घरात तान्ही पोर होती, आणि खरं म्हणजे मी भित्रा होतो.

मॅडमनी ऐकून घेतलं. "मी मोजीन. जो येईल तो आकडा लिहीन. शिक्क्याचं तुमचं तुम्ही बघा."

रविवारी हीऽऽ गर्दी. पुरुष एकमेकांकडे न बघता रांगेत उभे. एकजण पेपर उलटा धरून वाचत होता. जिन्यावर आया आणि सासवा डबे उघडून बसलेल्या. मॅडम सकाळी आठपासून आत मोजत होत्या. अकराला रिपोर्ट बाहेर यायला लागले. आणि मग मला दिसलं की लोक स्टॉलसमोरून सरळ पुढे जातायत. थांबत नाहीत. काहीजण चक्क हसतायत.

मी एकाला थांबवून रिपोर्ट बघितला. शिक्का होता. पण शिक्क्यावर पिनने एक चिठ्ठी टोचलेली, मॅडमच्या गोल अक्षरात: 'तुमचा आकडा चांगला आहे. कॅप्सूलची गरज नाही. तंबाखू असेल तर सोडा. लॅपटॉप मांडीवर घेऊ नका. बायकोला उगाच दोष देऊ नका.' खाली सही. ज्यांचा आकडा खरोखरच कमी, त्यांच्या चिठ्ठीवर: 'डॉक्टरांना दाखवा. आधी कारण शोधू द्या, मग गोळीचं बघू.' सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी शनिवारी घरी बसून लिहिलेल्या. सरांनी कार्बन पेपर धरला होता म्हणे.

जिन्यावर एका सासूबाईंनी मुलाच्या हातातून कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "तुमचा आकडा चांगला आहे... तंबाखू... लॅपटॉप..." आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज विझला. मुलाने खाली वाकून ती ओळ आपल्या तोंडाने पूर्ण केली. शेजारी उभ्या असलेल्या सुनेने चिठ्ठी तेवढी अलगद काढून घेतली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवली.

मॅनेजर तरातरा आत गेला. मी मागे. "मॅडम, हे काय चाललंय? आमच्याच खर्चाने आमचीच वाट लावताय?"

मॅडमचा पंजा वर गेला. टक, टक, टक.

मॅनेजरला नियम माहीत नव्हता. तो पुन्हा बोलला. मॅडमनी यंत्र शून्यावर आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे तो गप्प बसला. चांगली सात-आठ मिनिटं तो लालबुंद होऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा. मोजून झालं, आकडा लिहिला, चष्मा पुसला. "हं, बोला."

त्याला आठवेना कुठून सुरुवात करायची ते. "तुम्ही आमचं प्रॉडक्ट वाईट आहे म्हणून लिहून देताय."

"कुठे लिहिलंय वाईट? ज्याला लागत नाही त्याला नको, एवढंच लिहिलंय."

"मग लागते कोणाला?"

"ते डॉक्टर ठरवतील. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "सावंत, तू सांग यांना."

मी कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बघत राहिलो. उगवता सूर्य, पुरुष, बाळ. एक शब्द बोललो नाही, ना त्याच्या बाजूने, ना मॅडमच्या. आजही ते आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली जाते.

लॅबचे मालक डॉक्टर तसे वाईट नव्हते, पण आमच्या कंपनीशी त्यांचे संबंध होते. तिथे साठीनंतरही सगळ्यांना दोन-तीन वर्षं वाढवून मिळायची. मॅडमना कळवण्यात आलं, तुम्हाला मिळणार नाही. साठीला सात महिने उरलेले.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मुलगी किती महिन्यांची तुमची? पाच? मग गप्प बसलात ते ठीक झालं. दोघांच्या नोकऱ्या कशाला घालवायच्या? पण सावंत, ती दहावीला जाईपर्यंत गप्प बसू नका हं." आणि खोऽऽ करून हसल्या. मी त्या वर्षअखेरीला कंपनी सोडली. आता शहाडला एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे.

त्या सात महिन्यांतलीच ही गोष्ट. एका दुपारी मी लॅबमध्ये बसलेलो असताना मोहन्याहून एक तरुण आला. रोहन म्हणू या त्याला. दंड माझ्या मांडीएवढे, दारातून तिरका होऊन आत आला. सोबत आई. लग्नाला दोन वर्षं झालेली.

"मॅडम, बघा ना आमच्या पोराला," आई म्हणाली, "दारात मावत नाय. याच्यात काय कमी असनार? सुनेलाच कायतरी असंल."

रिपोर्ट शून्य आला. दुसऱ्यांदाही शून्य. मॅडमनी त्याला सांगितलं, जे जे काय खातोस ते सगळं घेऊन ये. तो आला तो दोन पिशव्या घेऊन. पावडरींचे डबे, गोळ्या, थेंब. मॅडमनी टेबलावर त्यांची रांग लावली.

"झाले सगळे?"

"हो."

"इंजेक्शनं?"

"नाय हो," आईच म्हणाली. मॅडमनी आईला खाली पावती करायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. मी फळ्यांच्या पार्टिशनमागे होतो, मला ऐकू येत होतं. मग त्याचा बारीक आवाज, "जिममध्ये एकजण देतो. आठवड्याला. बॉडी लवकर बनते."

"बनणारच. पण अंगाला बाहेरून हार्मोन फुकट मिळायला लागलं ना, की आतला कारखाना बंद पडतो. तुमच्या कारखान्याला टाळं लागलंय, रोहन."

"परत चालू होईल?"

"बऱ्याच जणांचा होतो. वेळ लागतो. डॉक्टरांचं नाव लिहून देते, ते सांगतील तसं करायचं. आणि मधल्या काळात दुसरा कुठला डबा आणायचा नाही, कुणी कितीही छान फोटो छापलेला असो." मग जरा थांबून, "आईला तुम्ही सांगणार, की मी?"

"मी सांगतो," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलंही. नंतर तर त्याने सगळ्या जिमला सांगितलं, म्हणून मी हे बिनधास्त लिहितोय.

डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवून उपचार सुरू केले. दोन महिन्यांनी शून्य. चार महिन्यांनी शून्य. त्याचे टी-शर्ट सैल होत गेले, चेहरा उतरत गेला. मॅडम प्रत्येक वेळी म्हणायच्या, "पुन्हा बसायचं."

मॅडमचा शेवटचा दिवस. लॅबमध्ये फुगे, समोसे, मोठा हार. सर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीत. मीही आलेलो. डॉक्टर भाषणाला उभे राहिले, तेवढ्यात रोहन डबी घेऊन आला. त्याला कार्यक्रमाचं ठाऊकच नव्हतं. तो दारातूनच परत फिरायला लागला.

मॅडम उठल्या. "भाषण ठेवा जरा बाजूला. हे थांबत नाही." आणि डबी घेऊन आत गेल्या.

समोसे गार होत होते. वीस मिनिटं गेली, पंचवीस. मग आतून हाक आली, "रोहन, इकडे या." तो गेला. दाराची फट उघडीच राहिलेली, मी लावायला म्हणून उठलो.

मॅडमनी त्याला आपल्या स्टुलावर बसवलेलं. एवढा मोठा माणूस त्या चिमुकल्या स्टुलावर कसाबसा मावलेला, डोळा मायक्रोस्कोपला.

"डावीकडे, वरच्या कोपऱ्यात. दिसला?"

"हलतोय तो."

"हलत नाही. पोहतोय."

"एकच आहे, मॅडम?"

"चार मोजलेत मी. चारने काही होत नाही, डॉक्टरांचे उपचार चालू ठेवायचे. पण टाळं उघडलंय."

त्याची पाठ तेवढी हलत होती. मॅडमनी त्या रुंद पाठीवर आपला लहानसा हात ठेवला. मग नाक पुसत तो म्हणाला, "मॅडम, याचा मोबाईलवर फोटो काढू?"

"काढा की. पण फॅमिली ग्रुपवर टाकू नका. आई नातू म्हणून बारशाच्या तयारीला लागेल."

तो रडता रडता हसला, आणि त्याच्यावर कडी करून मॅडम हसल्या. मी दार लावून घेतलं. बाहेर डॉक्टर शाल आणि नारळ घेऊन अवघडून उभे होते. घड्याळ बघत मला म्हणाले, "सावंत, किती वेळ? बोलवा त्यांना."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. "थांबावं लागेल, सर," मी म्हटलं. "मॅडम कामात आहेत."